जुन्या पुस्तकातला रोलर

"मोटारसायकल, मोटार, ट्रक लिहिलं. जुन्या लायसनच्या पुस्तकातला रोलर नव्या कार्डावर कशाला, मामा? हल्ली रोलरवर बसतं कोण?"

"मी बसतो की!"

"या वयात? पुरे आता." आरटीओच्या कॅम्पातल्या मॅडमनी फाइल मिटली. कार्डावर रोलर नसेल, तर ठेकेदार गणबामामांना उद्याच घरी बसवणार होता.

तेवढ्यात बाहेर, चढावर उभ्या केलेल्या त्यांच्या रोलरच्या चाकाखालचा दगड सटकला. दहा टनांचं धूड गडगडत थेट मॅडमच्या कोऱ्या मोटारीकडे निघालं.

"मामा, अहो चढा!"

"कार्डावर नाही, मॅडम," म्हणेपर्यंत मामा धावलेसुद्धा. खोटं वाटेल, पण सत्तरीच्या म्हाताऱ्यानं चालत्या रोलरवर उडी मारली आणि तो दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला. मोटारीच्या बॉनेटवरच्या पूजेच्या हाराला नाक लावून रोलर थांबला.

मॅडमचा जीव भांड्यात पडला. "आता मागे घ्या, मामा."

"विनापरवाना कसा घेऊ?" मामांनी घाम पुसला. "पुस्तक टेबलावरच आहे. माझी घाई नाही, पण पाय जरा कापायला लागलेत."

चपला तिथंच टाकून मॅडम टेबलाकडे धावल्या.