एक हात लांब

साहेबाने खिशातून भिंग काढलं आणि थोरलीचं डोकं फिरलं.

चेकिंगच्या टेबलावर चोवीस नगांचा ट्रे होता. वीतभर उंचीचे चोवीस सुपरहिरो, पाठीवर निळी झूल, छाती पुढे काढलेली. हौशी लोक असा एकेक नग नंबर घातलेल्या डबीतून घेतात आणि घरी काचेमागे जपून ठेवतात, म्हणून कारखान्यात त्याचे लाड फार. पॅकिंगच्या बायका त्याला जावईबापू म्हणायच्या. त्याचे डोळे, भुवया आणि ओठ मशीनला जमत नसत. ते रंगखोलीत बायका हाताने भरायच्या. हा ट्रे धाकटीने भरलेला होता. धाकटी म्हणजे थोरलीची जाऊ.

"हे बघा," साहेब एक चेहरा भिंगाखाली धरून म्हणाला. "बुबुळाच्या कडेला रंग फुटलाय. याचाही. याचाही. सगळा ट्रे रिजेक्ट."

थोरली बारा वर्षं या टेबलावर होती आणि बारा वर्षं तपासायची रीत एकच होती. नग हात लांब करून धरायचा, मनात तीन मोजायचे. तेवढ्यात दोष दिसला तर रिजेक्ट, नाहीतर पास. रीत कंपनीनेच घालून दिलेली, समोर भिंतीवर चिकटवलेली. खेळण्याला नाक लावून कोण बघतो?

तिने एक नग उचलला, हात लांब केला, तीन मोजले. मग दुसरा. मग तिसरा.

"मला काही दिसत नाही."

"भिंगातून बघा की."

"भिंगातून बघितलं तर तुमच्या माझ्या तोंडालाही खड्डे दिसतील."

साहेब हसला. त्या हसण्याने ती आणखीच चिडली. आठवड्यात तीन ट्रे रिजेक्ट झाले की रंगवणारीला घरी बसवायचं, असा नियम होता आणि हा तिसरा होता. पहिले दोन थोरली रजेवर असताना साहेबाने स्वतःच बाद केले होते. त्याच्या आधी धाकटीने भर मीटिंगमध्ये उभं राहून विचारलं होतं, की रंगखोलीतला पंखा महिनाभर बंद आहे, थिनरच्या वासाने दोघी चक्कर येऊन पडल्या, तिसरी पडायची वाट बघताय का? पंखा अजून बंदच होता. काय चाललंय ते न कळायला थोरली दुधखुळी नव्हती.

साहेबाने रिजेक्टचा कागद तिच्यापुढे सरकवला. "तुम्ही हजर असताना सही तुमचीच लागते." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तसं घरीही तुमच्या दोघींत विस्तव जात नाही म्हणे. तुम्हालाही सोयीचंच की."

विस्तव जात नव्हता हे खरं होतं. धाकटी फटकळ, थोरली हट्टी. टोमणे, भांड्यांची आदळआपट, चार चार दिवसांचा अबोला. पण ते त्यांचं घरचं होतं. आपलं भांडण या माणसाने उचलून स्वतःच्या कामाला जुंपावं, याचा थोरलीला इतका संताप आला की तिची कानशिलं तापली. बारा वर्षांत तिने ओळखीपाळखीने एक नग पास केला नव्हता की रागापोटी एक बाद केला नव्हता. तिच्या शब्दाला इथे जी काही किंमत होती ती त्यामुळेच. आणि हा तीच मागत होता, वर दात काढून.

"आणा ते भिंग," ती म्हणाली.

साहेबाने खुशीत दिलं. ती उठली, मागचं कपाट उघडलं आणि मास्टर सॅम्पल बाहेर काढलं. हेड ऑफिसने पाठवलेला तो एकच नग. बाकी सगळे त्याच्याशी ताडून बघायचे.

"अहो, त्याला कशाला हात लावताय?"

"तपासतेय." तिने भिंग लावलं. "बुबुळाच्या कडेला रंग फुटलाय. ओठ हनुवटीवर ओघळलाय. उजवा डोळा तर चक्क तिरळा." आणि लाल स्टिकर सोलून तिने त्याच्या फुगलेल्या छातीवर दाबून बसवला. रजिस्टर ओढून लिहिलं: मास्टर सॅम्पल, साहेबांच्या सांगण्यावरून भिंगाने तपासलं, रिजेक्ट. खाली सही ठोकली.

"वेड लागलंय का तुम्हाला? सॅम्पल बाद म्हणजे अख्खी लाइन बंद!"

"मग ठरवा. भिंग खरं असेल तर लाइन बंद करा आणि वर फोन करून सांगा. भिंतीवरचं खरं असेल तर हा ट्रे मी माझ्या रीतीने बघणार."

साहेबाचा चेहरा लालबुंद झाला. त्याने रजिस्टरवर बोट आपटलं.

"खोडा ते."

"तुम्ही खोडा. आणि शेजारी सही करा. का खोडलं तेही लिहा."

त्याने ओळ खोडली आणि शेजारी लिहिलं: तपासणी भिंगाने करायची नसते. पेन असं दाबलं की खालच्या पानावर उमटलं. भिंग तिच्या हातातून ओढून घेतलं आणि दार आपटून तो निघून गेला. थोरलीने रिजेक्टच्या कागदाचे चार तुकडे केले, खाली बसली आणि उरलेले एकवीस नग एकेक करून पाहिले. राग अजून उतरला नव्हता, म्हणून प्रत्येक नगाला तिने तीनऐवजी पाच मोजले.

आरडाओरडा ऐकून धाकटी रंगखोलीतून बाहेर आली. हातात ब्रश तसाच, डोळे वासाने लाल.

"ताई, माझ्यासाठी भांडायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मला नकोत कुणाचे उपकार."

"उपकार कसले? तेवीस पास आहेत." थोरलीने बाजूला काढून ठेवलेला नग उचलून तिच्यासमोर धरला. "याची भुवई जाड आलीये. रिजेक्ट."

धाकटीने डोळे बारीक करून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"आलीये खरी," ती फणकाऱ्याने म्हणाली आणि नग हिसकावून तिनेच तो रिजेक्टच्या खोक्यात आपटला.