पडद्याच्या ओळखीचे हात

तळहात टेकला की खारं पाणी गाळणाऱ्या जिवंत पडद्याला हिरवा व्हायला दोन सेकंद लागत. आज कायम नोकरीतले अभियंता पेंडसे दहा मिनिटं हात टेकून उभे होते, तरी पडदा करडाच राहिला. समुद्राचं पाणी गोडं होईना. पडदा सवयीचेच हात ओळखे. ते हात चौदा कंत्राटी बायकांचे होते आणि कायम करावं लागू नये म्हणून करारात पाडलेल्या खंडामुळे त्या कालपासून फाटकाबाहेर बसल्या होत्या.

व्यवस्थापक ससाणे धावत फाटकाशी आले. "इंदूताई, आत चला. शहराच्या टाक्या रिकाम्या होताहेत."

"पडद्याला करार वाचता येत नाही वाटतं, साहेब?" इंदू घरत म्हणाली. बायका हसल्या. "कायम करायची फाइल नऊ वर्षं तुमच्याकडे आहे. आधी तिचं बोला."

ससाण्यांनी घाम पुसला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चौदाही जणी आजपासून कायम."