बोरीपासून सात पावलं

बोरीच्या झाडाला पाठ लावून माहरुख खानमने सात पावलं मोजली आणि ती थबकली. पायाखाली नवी गुळगुळीत फरशी होती. फरशीवर पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडलेल्या. तिचा दगड जागेवर नव्हता.

दगड पलीकडे होते. टेकडीवरच्या पाच गुमनाम शहिदांचे पाचही दगड, घासूनपुसून, कारंज्याभोवती अर्धगोलात बसवलेले.

इराकशी झालेल्या लढाईतून तिचा अर्देशीर परत आलाच नाही. पुढे हे पाच बिननावाचे देह इथे आणून पुरले, तेव्हा त्यातली मधली कबर तिने आपली मानली. वीस वर्षं दर गुरुवारी दुपारी तिथे गुलाबपाणी ओतायचं, आपण आल्याचं त्याला कळावं म्हणून खड्याने दगडावर टकटक करायची आणि आठवड्याचं सगळं सांगत बसायचं.

नगरपालिकेचा कियानपूर फुलांचं चक्र सरळ करत होता. तिने त्याला गाठलं.

"काय रे, हाडंही हलवलीत?"

"छे हो, खानम! हाडांना हात लावायचा तर वरून परवानगी लागते. नुसते दगड हलवले. आधी कसे वेडेवाकडे होते! आता बघा, फोटोत किती छान दिसतात."

"म्हणजे त्या दगडांखाली कुणीच नाही?"

"हळू बोला ना! अहो, त्यांना नाव ना गाव. इथे काय नि तिथे काय?"

माहरुखच्या अंगाचा तिळपापड झाला. "नाव लढाईत गेलं रे! जागा तरी होती, ती तुम्ही घालवलीत."

"पण तो तुमचाच मुलगा कशावरून?"

"नसेल माझा. कुणाचा तरी आहे ना? त्याच्या उरावर खुर्च्या मांडताना हात कसे धजले तुमचे?"

तेवढ्यात बँड सुरू झाला आणि कियानपूर पळाला. तेहरानहून आलेल्या प्रमुख पाहुण्यांनी मधल्या दगडावर फुलं वाहिली, कोरडे डोळे रुमालाने टिपले आणि ते पहिल्या रांगेत येऊन बसले.

माहरुख खानम गुलाबपाण्याची बाटली घेऊन सरळ त्यांच्याकडे गेली. कुणी अडवायच्या आत ती त्यांच्या पायाशी उकिडवी बसली, बाटलीचं बूच काढलं आणि खिशातला खडा फरशीवर आपटू लागली.

"मादर, काय करताय?" पाहुणे आईशी बोलावं तशा गोड आवाजात म्हणाले. "कबरी तिकडे आहेत."

"तिकडे नुसते दगड आहेत, आगा. पोरं इथे आहेत, तुमच्या खाली. पाय उचला."

पाहुण्यांनी कियानपूरकडे पाहिलं. कियानपूर कारंज्याकडे बघत राहिला.

पाहुण्यांनी पाय उचलले. ते पाहून शेजारच्याने उचलले, मग त्याच्या शेजारच्याने. बघता बघता अख्खी पहिली रांग पाय अधांतरी धरून बसली. बँड वाजतच होता.