ओला रंग

गेटजवळच्या हायड्रंटचं तोंड उघडलं आणि पाण्याचा फवारा थेट समोरच्या भिंतीवर जाऊन आदळला. बांधकाम खात्याचे इंजिनिअरसाहेब घाईने मागे सरले, तरी बूट भिजलेच. सगळे हसले. साहेबही हसले. बूट भिजले म्हणजे तपासणी झाली, असा त्या खात्यात समज होता.

मुलींच्या या सरकारी वसतिगृहातले हायड्रंट, म्हणजे आग विझवायचे नळ, आणि त्यांची जमिनीखालची पाइपलाइन पूर्वी खात्याचीच माणसं दुरुस्त करत. यंदा ते काम, गळका पाइप बदलण्यासकट, बाहेर दिलं होतं. ठेकेदार होता वॉर्डनबाईंचा सख्खा धाकटा दीर. "वहिनींची जागा आहे साहेब, काम अगदी घरच्यासारखं केलंय," असं तो सकाळपासून सांगत होता, आणि प्रत्येक वेळी वॉर्डनबाई दुसरीकडे बघत होत्या.

"मागच्या अंगणातला?" साहेबांनी विचारलं.

"एकदम झकास. पण रंग ओला आहे अजून. शर्टाला लागेल तुमच्या."

साहेबांनी आपल्या पांढऱ्या शर्टाकडे एकदा बघितलं. "मग राहू दे." त्यांनी काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही ठोकली, खाली वॉर्डनची सही कुठे हवी ते बोटाने दाखवलं आणि चहा घेऊन गाडीत बसले.

वॉर्डनबाई कागद हातात घेऊन निघाल्या त्या ऑफिसात न जाता मागच्या अंगणात. ठेकेदार लगबगीने मागोमाग आला.

स्वयंपाकघराची सगळी दारं-खिडक्या अंगणात उघडत. आत शेगड्या पेटल्या होत्या. भिंतीला लागून गॅसच्या टाक्या ओळीने उभ्या होत्या आणि त्यांच्या बरोबर वर मुलींच्या खोल्या, खिडक्यांना लोखंडी गज. कोपऱ्यात हायड्रंट, खेळण्यांच्या दुकानातून आत्ताच आणल्यासारखा लालबुंद. या अंगणात वर्षभर पाणी झिरपायचं. शेवाळावरून घसरून स्वयंपाकीणबाईंनी हात मोडून घेतला होता. आता फरशी कोरडी खडखडीत होती.

"बघा, थेंब नाही," ठेकेदार म्हणाला. "वर्षाचं दुखणं घालवलं."

"फरशी कुठे फोडलीत?"

"फोडायची वेळच आली नाही."

"पाइप फरशीखालूनच गेलाय ना? मग बदलला कसा?"

"तुम्ही पण ना वहिनी! आमच्या धंद्यात युक्त्या असतात. बाहेरूनच बंदोबस्त केला."

बंदोबस्त म्हणजे काय ते बाईंना कळलं. गेटपाशीच या बाजूचं पाणी तोडून टाकलं होतं. पाणीच नाही म्हटल्यावर गळणार काय?

"उघडून दाखवा."

"अहो, रंग..."

बाईंनी हायड्रंटवर बोट टेकवलं, चांगलं दाबून फिरवलं आणि त्याच्यासमोर धरलं. बोट स्वच्छ होतं.

ठेकेदाराने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "आता घरच्या माणसाची अशी झडती घेणार का तुम्ही? पुढच्या ठेक्यात करून टाकतो की. पाइप कुठे पळून जातोय? आईचा फोन आला होता ना सकाळी?"

आला होता. सासूबाईंनी इकडचं तिकडचं काही न बोलता एवढंच सांगितलं होतं, की धाकट्याचा जम आत्ता कुठे बसतोय, त्याच्या पोटावर पाय देऊ नकोस. बाई 'हो' म्हणाल्या होत्या. सासूबाईंना त्या कधीच नाही म्हणत नसत. त्या 'हो'चा त्यांना आता राग येत होता, आणि घरी गेल्यावर काय ऐकावं लागेल त्याची धास्तीही वाटत होती.

त्यांनी पर्समधून पेन काढलं. कागद हायड्रंटच्या डोक्यावरच पसरला.

"आत्ता कसं!" ठेकेदाराच्या जिवात जीव आला. कागद उडू नये म्हणून त्याने एक कोपरा धरलासुद्धा.

"बाबा!"

वरून हाक आली. गजांमधून एक हात बाहेर आला होता आणि जोरजोराने हलत होता. ठेकेदाराची मुलगी. कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून सकाळीच तो तिला गादी-ट्रंकेसकट वसतिगृहाच्या दारात सोडून मग तपासणीला उभा राहिला होता.

"बाबा, ही माझी खोली! काकूंनी मस्त दिलीय. इथे बसल्या बसल्या कळतं जेवायला काय आहे ते!"

ठेकेदाराने सवयीने हात वर केला. मग त्याची नजर खिडकीवरून खाली उतरली. गजांवरून स्वयंपाकघराच्या दारावर, तिथून गॅसच्या टाक्यांवर, तिथून हायड्रंटवर. वर केलेला हात तसाच राहिला.

मुलगी आत निघून गेली. आत कुणीतरी शेगडी मोठी केली, तिचा भर्र आवाज अंगणात ऐकू आला.

"तिला इथे ठेवलंत?"

"काल खोल्या वाटल्या. थंडीत ऊब असते या बाजूला."

बाईंनी पेनाचं टोक कागदावर टेकवलं. ठेकेदाराने धरलेला कोपरा सोडला. वाऱ्याने कागद फडफडायला लागला, तो बाईंनी तळहाताने दाबून धरला.

"वहिनी," तो अगदी हळू म्हणाला, "तिला तेवढी गेटच्या बाजूची खोली द्या ना."

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"देते की. मग ही कुणाच्या मुलीला देऊ, भाऊजी?"