दोघांपुरता बर्गर

दोन खोल्यांचं घर आणि माणसांचा बाजार. लग्न झाल्यापासून दीपाशी धड दोन शब्द बोलायची सोय नव्हती. शेवटी जोडप्यांसाठीची स्वस्तातली ऑफर पाहून तिला यवतमाळच्या नव्या बर्गरवाल्याकडे नेलं. लाल दिव्याखाली तिचा हात हातात घेतला, तोच खांद्यावर थाप पडली.

"काहून रे संघर्ष, दोघंच एकटे बसले?"

पार्सल न्यायला आलेले शेजारचे भीमराजकाका. आम्हाला करमावं म्हणून ते खुर्ची ओढून बसले, वर आमच्या घरी फोनही लावला. थोड्याच वेळात ऑटोतून आई, बाबा, आजी आणि पोरांसकट ममताताई उतरली.

"घराले कुलूप लावून सारेच आलो," आईनं चावी टेबलावर ठेवली आणि पिशवीतून ठेच्याचा डबा काढला.

टेबलं जोडली गेली. आमच्या बर्गरचे तुकडे पोरांच्या हातात गेले. मी दात-ओठ खात बसलो होतो, तेवढ्यात दीपानं चावी हळूच मुठीत घेतली आणि माझ्या कानाशी वाकली.



"उठा न जी लवकर. घरी कोणीच नाही."