पिठावरचा माग

गुन्हेगार कितीही बिलंदर असो, तो जमिनीवर खूण ठेवतोच, या तत्त्वावर पालम ठाण्याचे जमादार दिनकरराव जगत. तत्त्व त्यांना सापडलं ते बिस्किटांच्या पुड्याभोवती गुंडाळून आलेल्या विलायती वर्तमानपत्रात. त्यात चित्रांची गोष्ट होती. तिरपी टोपी घातलेला एक गोरा गुप्त पोलीस ओणवा होऊन जमीन पाहतो, वरिष्ठ त्याच्यावर खेकसतो, तो ऐकत नाही, आणि शेवटच्या चौकटीत निरपराध माणूस तुरुंगातून बाहेर येतो. मधलं बोलणं इंग्रजीत असल्यामुळे जमादारांनी ते आपल्या सोयीनं लावून घेतलं होतं.

गावातल्या कासाबाईला दोन मुलगे. थोरला रायभान मेंढरं घेऊन गेला तो परतला नाही. गोदावरीच्या काठी त्याचं घोंगडं तेवढं सापडलं. जाण्याआधी धाकट्या मल्हारीशी त्याचं वाजलं होतं. तेवढ्यावर जमादारांचे वरिष्ठ अमीनसाहेब यांनी मल्हारीला खुनी ठरवून कोठडीत घातलं आणि दहावा झाला की त्याला परभणीला रवाना करा, असा हुकूम ठेवून ते दौऱ्यावर गेले. परभणीला गेलेला खुनी फासावर जातो, हे गावाला ठाऊक होतं.

दहाव्याच्या रात्री रीतीप्रमाणे रायभानच्या निजायच्या जागी पीठ पसरून वर टोपलं पालथं घातलं. मेलेला जीव ज्या जन्माला जातो, त्याची खूण पिठावर उमटते. सकाळी भावकी जमली. जमादारांनी टोपी तिरपी केली, ओणवे झाले आणि टोपलं उचललं.

पीठ कोरं होतं. मुंगीसुद्धा त्यावरून गेली नव्हती.

“मेला असता तर खूण आली असती,” जमादार म्हणाले. “खूण न्हाई, म्हंजी रायभान मेला न्हाई. मंग खून कुणाचा झाला?”

“घोंगडं एकलंच आंगुळीला गेलतं म्हना,” भावकीतला म्हातारा मुंजाजी पुटपुटला.

जमादारांनी ते तपासाबाहेरचं ठरवलं. रायभान जिवंत असल्याचा अहवाल त्यांनी ओसरीवर बसूनच सरकारी रिवाजाप्रमाणे उर्दूत लिहिला, टपालाच्या शिपायाकडे दिला, आणि ठाण्यात जाऊन, अमीनसाहेबांचा हुकूम मोडून, कोठडी उघडली. मल्हारी मागं न बघता घराकडं चालू लागला.

कासाबाई मात्र ठाण्यासमोरच उभी होती. पाया पडायला आली असेल, असं जमादारांना वाटलं. ती वाकली नाही. उजवी मूठ तिनं पदराखाली घट्ट मिटून धरली होती.

“पाऊल आलतं, जमादारसायेब,” ती म्हणाली. “कोंबडं आरवायच्या आदी म्या बघितलं. डाव्या पायाचं. करंगळी न्हवती.”

रायभानची डावी करंगळी गाडीच्या चाकाखाली गेली होती, हे जमादारांनीच पंचनाम्यात लिहिलं होतं. मग काय केलंस, असं त्यांनी विचारलं.

“ह्या हातानं पीठ सारकं केलं. तवापासनं हात धुतला न्हाई.”

टपाल तोवर परभणीच्या वाटेला लागलं होतं. सरकारी दप्तरात रायभान अजून जिवंत आहे.