केशरी दोरी

खंडेनवमीला सुनीतीबाईंनी कोल्हारच्या घरात नेहमीसारखी हत्यारं पुजली. सासऱ्यांच्या वेळचा अडकित्ता, विळी, कोयता आणि यंदा पहिल्यांदाच नातीची, अपूर्वाची, एअर रायफल. तिच्या नळीतून आरपार घातलेली केशरी प्लॅस्टिकची दोरी त्यांना देवापुढे बरी दिसेना. त्यांनी ती ओढून काढली, नळीला झेंडूची माळ घातली आणि दसरा झाल्यावर रायफल स्वतःच्या हाताने पुसून पेटीत ठेवली.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, नगरला नेमबाजीची निवड स्पर्धा होती. अपूर्वा मैत्रिणींबरोबर पुढे गेली, आजी हौसेने मागून एसटीने आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. अपूर्वाने पेटी उघडली, तसे पंच तिथेच थांबले.

"दोरी कुठंय? नळी रिकामी आहे हे मी कशावरून समजू?"

"रिकामीच आहे, सर."

"सगळे असंच म्हणतात, बाळ. म्हणून तर दोरी लागते. दोरीशिवाय पेटी उघडली की स्पर्धेतून बाहेर. पहिलाच नियम आहे ना?"

वर्षभर पहाटे उठून सराव केलेली पोर रडकुंडीला आली. तिने वळून आजीकडे पाहिलं आणि तिची नजर आजीच्या गळ्याशी थबकली. मग मान खाली घालून ती म्हणाली, "माझीच चूक, सर. घरी विसरले."

सुनीतीबाईंनी घाईघाईने पदर गळ्याभोवती ओढून घेतला.

 

एवढी चांगली दोरी वाया कशाला घालवायची, म्हणून आज सकाळीच त्यांनी ती चष्म्याला बांधली होती.